कचरा नसलेलं घर

हिंगोली-वाशीम रस्त्यावर, कनेरगाव नाक्याच्या अलीकडं, एक लहानसं गाव आहे. सात-आठ वर्षं नोकरी झालेला रत्नपाल तिथं ग्रामसेवक म्हणून बदलून आला, तेव्हा गावाच्या नाल्या कॅरीबॅगांनी तुंबलेल्या होत्या. सरपंच अमृतरावांची दुभती म्हैस पोट फुगून मेली, ती चिरल्यावर आतून प्लास्टिकचा गोळा निघाला. तरी लोकांच्या सवयी मोडेनात. रत्नपालनं हात जोडले, दवंडी पिटवली, शाळेच्या पोरांची फेरी काढली. दोन दिवस बरं चालायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग त्यानं वेगळी युक्ती काढली. चांगल्या करवसुलीसाठी ग्रामपंचायतीला बक्षीस मिळालं होतं. त्या पैशांच्या जोरावर त्यानं ठराव करून घेतला, की जो कोणी आपल्या घरचं एक किलो प्लास्टिक आणून देईल, त्याला ग्रामपंचायतीच्या गिरणीवर डबाभर जवारी फुकट दळून मिळेल. जमलेलं प्लास्टिक हिंगोलीच्या भंगारवाल्याला जाईल.

आणि काय सांगावं, गाव हललं! गिरणीपुढं बायकांची रांग लागली. किराणा दुकानवाल्या पुनमचंदच्या घरून तर दर आठवड्याला गच्च भरलेली गोणी यायची. नाल्या वाहत्या झाल्या. रत्नपालला आपल्या कामाचा पहिल्यांदाच अभिमान वाटला.

तांड्यावरची मिराबाई एका बाजारच्या दिवशी आली. साठीची बाई, डोईवर जवारीचा डबा, हातात पदराच्या चिंधीत बांधलेलं थोडंसं काही. गिरणीवरच्या संतोषनं ते काट्यावर ठेवलं. दोन मिठाच्या पिशव्या, साबणाचं एक वेष्टन, फुटक्या मगाचा कान.

"मावशी, काटा तं हालून बी नाही राहिला," संतोष म्हणाला, आणि रांगेतल्या बाया हसल्या.

"साठवून आणा, माय," रत्नपाल म्हणाला. "किलो झालं की या."

"साठवाया येतं कुठून, सायेब?" तिनं चूक कबूल करावी तसा आवाज खाली आणला. "सामान कापडी पिशवीत आणते. उरलंसुरलं शेळी खाते. आमच्या घरात काई उरतच न्हाई."

डबा तसाच उचलून ती परत गेली. रत्नपालला क्षणभर वाईट वाटलं. पण नियम सगळ्यांना एकच, असं म्हणून तो कामाला लागला. पुढच्या दोन खेपांना ती खरोखरच किलोभर प्लास्टिक घेऊन आली. जमतंय म्हणायचं, असं त्याला वाटलं.

एके दिवशी मोटारसायकलवरून बैठकीला जाताना त्याला धाब्यामागच्या खड्ड्यात कुणी वाकलेलं दिसलं. ती मिराबाई होती. खरकट्याच्या ढिगातून पाण्याच्या बाटल्या उपसत होती. पायाला चिंधी गुंडाळलेली, नि ती रक्तानं भिजलेली. त्याला पाहताच तिनं गोणी पाठीमागं लपवली.

"माय, काहून आलात इथं?"

"घरचं म्हनून खोटं सांगितलं, सायेब. दळणातून नाव काटू नका." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोरगा विकास ऊसतोडीला गेला. सून मिना बाळंतीण हाय. दळायाला पैसे न्हाईत, अन् जातं ओढायाचं बळ या हातांत ऱ्हायलं न्हाई."

रत्नपालनं तिला मागं बसवलं आणि नाक्यावरच्या दवाखान्यात नेलं. काच खोल गेली होती. टाके घालावे लागले. बैठक बुडाली. तिला तांड्यावर सोडून परतताना एकच गोष्ट त्याचं काळीज कुरतडत होती. ज्या घरातून गावाला कसलाच त्रास नव्हता, त्याच घराला आपण उकिरड्यात उतरवलं.

ग्रामसभेत त्यानं मिराबाईचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाला, "दळण कचरा आणणाऱ्याला नको. ज्याच्या घरी कचरा कमी, त्याला द्या."

"मंग मोजायचं काय?" अमृतराव हसले. "नसलेला कचरा?"

"घर बघू. ओल्या कचऱ्याला खड्डा आहे का, बाजारला पिशवी कापडी आहे का. दोन बाया नि मी, घरोघरी फिरू."

"अन् आमचं काय?" पुनमचंद उठला. "आमी गोण्या भरून देतो, ते फुकट?"

"तुमाला भंगाराचा भाव मिळेल. दळण नाही."

बराच गलका झाला. शेवटी अमृतरावांनी टोपी सारखी केली नि म्हणाले, "माझी म्हैस तर गेलीच. करून बघा बराबर."

सगळं काही सरळ झालं नाही. पुनमचंदनं महिनाभर रत्नपालशी बोलणं टाकलं. धाब्यांच्या मागं बाटल्यांचे ढीग पुन्हा साचले, त्यासाठी धाबेवाल्यांशी वेगळं भांडावं लागलं. पण कापडी पिशव्या मात्र दिसू लागल्या, नि तांड्यावरची बहुतेक घरं पहिल्याच पाहणीत पास झाली.

मिराबाईच्या पायाची जखम भरली, तरी ती थोडी लंगडतच राहिली. हा नियम सरपंचांनी दया येऊन बदलला, अशी तिची पक्की समजूत होती. अमृतराव वाटेत दिसले की ती पदर सावरून त्यांना भरभरून आशीर्वाद द्यायची. अमृतराव गोंधळून मान हलवायचे. रत्नपाल शेजारी उभा असला तरी कधी काही बोलला नाही.