दोन झुंबरांची गुणपत्रिका

मला कागद म्हणा, चिठोरं म्हणा, मी रागावणार नाही. पण मित्रांनो, मला रद्दी म्हणायचं नाही. मी एक जुनी गुणपत्रिका आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची. माझ्या एका कोपऱ्यात हळदी-कुंकवाचे डाग आहेत आणि मधोमध घडीची रेघ आहे. तरी माझ्यावरचा एकही आकडा पुसलेला नाही, याचा मला अभिमान वाटतो.

माझा जन्म १९८५च्या उन्हाळ्यात औरंगाबादला, विद्यापीठाच्या कचेरीत झाला. एका कारकुनाने निळ्या शाईने माझ्यावर नाव लिहिलं : तळेकर झुंबर बद्रीनाथ. मग एकेका विषयाचे गुण भरले आणि खाली पहिल्या वर्षाची बेरीजही मांडली. मराठीत एकाहत्तर, इतिहासात अडुसष्ट आणि इंग्रजीत सदतीस. त्या सदतीसचं काय करायचं, ते मला आजही कळत नाही. पास तर पास, असं म्हणून मी मान वर ठेवते.

माझी मालकीण झुंबर ही बदनापूरची. रोज सकाळच्या रेल्वेने ती जालन्याला कॉलेजात जायची आणि दुपारच्या गाडीने परत यायची. बदनापूरच्या त्या गल्लीत कॉलेजात जाणारी ती पहिली मुलगी होती. तिच्या वडिलांनी, बद्रीनाथांनी, मला हातात घेऊन स्टेशनापासून घरापर्यंत भेटेल त्याला दाखवलं. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं, त्यामुळे ते इंग्रजीच्या आकड्यावरही तेवढ्याच कौतुकाने बोट ठेवायचे. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक, आणि पुढे बरीच वर्षं ते शेवटचंच ठरलं.

तिसऱ्या वर्षाची फी भरायच्या आधीच झुंबरचं लग्न झालं. स्थळ केदारखेड्याचं होतं. नवरा रामराव, शेती करणारा, शांत स्वभावाचा. पण एक पंचाईत होती. सासूचंही नाव झुंबरबाईच. एका घरात सासू-सुना एकाच नावाच्या कशा चालतील? सुनेला हाक मारली की सासूने ओ द्यायची का? मग लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले, त्यात अंगठीने 'पुष्पा' असं लिहिलं, साखर वाटली, आणि झुंबर तळेकर नावाची मुलगी तिथल्या तिथे संपली. तिला कोणी विचारलं नाही. मी तर पेटीच्या तळाशी, साड्यांच्या खाली होते. माझ्यावर मात्र जुनंच नाव राहिलं.

दोन-तीन वर्षांनी सासूबाई पेटी साफ करत असताना जुन्या वर्तमानपत्रांबरोबर मीही बाहेर पडले. पुष्पा बाळंतपणाला माहेरी गेली होती. दारात कमरोद्दीन रद्दीवाला आला होता. त्याने गठ्ठा तराजूत टाकला. मित्रांनो, तराजूत बसल्यावर कळतं आपलं वजन किती कमी आहे ते. इतिहासातल्या अडुसष्टचा तिथे काही उपयोग नव्हता.

कमरोद्दीन मात्र वाचणारा माणूस होता. चांगला जाड कागद पाहून त्याने मला उपसलं, डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाला, "मावशी, ह्यावर तर झुंबर लिहिलंय बराबर. शिक्का बी हाय सरकारी. तुमचाच कागद दिसून राह्यला. हा नका देऊ."

सासूबाईंनी मला झटकन काढून घेतलं. त्यांना अक्षर येत नव्हतं. रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव, सातबाऱ्यावर मुलाचं नाव. आपल्या नावाचा, तोही शिक्क्याचा, कागद या जगात आहे हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कसला आहे, हे त्यांनी कोणाला विचारलं नाही. विचारलं तर कोणी तरी मागेल, ही धास्ती. त्यांनी मला आपल्या छोट्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि दर लक्ष्मीपूजनाला माझ्या कोपऱ्याला हळदी-कुंकू लावायला सुरुवात केली.

पंधरा दिवाळ्या मी असं पूजन करून घेतलं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. पण ज्या बाईसाठी माझा जन्म होता, ती भिंतीपलीकडे राहत होती आणि मला उंदरांनी कुरतडलं असं समजून गप्प बसली होती.

त्या पंधरा वर्षांत पुष्पाबाई गावातल्या अंगणवाडीची सेविका झाली. मुलांना गाणी शिकवायची, वजनं घ्यायची, खिचडी वाटायची, रजिस्टरं भरायची. तिची रजिस्टरं पाहून वरचे अधिकारी खूश व्हायचे. २००३ साली एक बातमी आली. पर्यवेक्षिकेच्या जागा भरायच्या होत्या आणि अनुभवी सेविकांना त्यात संधी होती. अट एकच, पदवी हवी. भरती दीड-दोन वर्षांनी होणार होती. त्यानंतरच्या भरतीला पुष्पाबाईचं वय बसणार नव्हतं. म्हणजे ही एकच वेळ होती. पदवी नव्याने करायची तर तीन वर्षं लागणार. जुनी दोन वर्षं कोणी धरली, तर एका वर्षात काम होणार होतं.

रामरावांनी जालन्यातला एक गृहस्थ शोधून काढला. त्याच्या दुकानावर 'घरबसल्या पदवी' अशी पाटी होती. तो म्हणाला, कुठल्याशा लांबच्या राज्यातलं कॉलेज आहे, सहा महिन्यांत कागद हातात. रामरावांचा चेहरा खुलला. पुष्पाबाईने मात्र विचारलं की परीक्षा कोण घेणार. तो हसून म्हणाला, परीक्षेचं टेन्शन कशाला घेता ताई. पुष्पाबाई उठली आणि चपला घातल्या. बाहेर आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "परीक्षा न्हाई तर मंग पदवी कशाची? मी पोरांचं वजन बी काट्यावर घेते, अंदाजानं न्हाई."

या उत्तराला मी शंभरपैकी शंभर दिले असते. आमच्यात ती पद्धत नाही, पण दिले असते.

मग ती भोकरदनला निजामोद्दीनच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. हा रद्दीवाल्या कमरोद्दीनचा मुलगा. त्याच्याकडे फोनच्या तारेवर इंटरनेट चालायचं. एक पान उघडायला चहा पिऊन व्हायचा. त्याने मुक्त विद्यापीठाचं पान शोधलं आणि दोघांनी मिळून नियम वाचले. परीक्षा होत्या, रविवारचे वर्ग होते, पुस्तकं घरी येणार होती. आणि सगळ्यात खाली तिला हवं ते सापडलं. दुसऱ्या विद्यापीठात पहिली दोन वर्षं पास झालेल्यांना थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळणार होता. सोबत मूळ गुणपत्रिका जोडायची होती. मुदत संपायला बारा दिवस राहिले होते.

मूळ गुणपत्रिका म्हणजे मी. आणि मी उंदरांनी खाल्लेली. औरंगाबादहून दुसरी प्रत मागवायची तर दोन-तीन महिने लागतात, असं निजामोद्दीनने चौकशी करून सांगितलं. पुष्पाबाई घरी आली आणि ओट्याजवळ बसून राहिली. रडली नाही, पण भाकरी थापताना दोन भाकऱ्या करपवल्या, एरवी तिच्या हातून कधी करपायच्या नाहीत. रामरावांनी विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. माझं जुनं नाव असलेला कागद होता, म्हणाली. झुंबर नावाचा, निळ्या शाईचा, वर गोल शिक्का. तो असता तर झालं असतं.

सासूबाई शेंगा फोडत होत्या. त्यांचे हात थांबले. मी डब्यात होते, पण घरातला प्रत्येक शब्द मला ऐकू येत होता. मला वाटलं, आता या गप्पच बसणार. पंधरा वर्षं पुजलेली वस्तू कोण सोडतं? पण पावलं आली, डब्याचं झाकण उघडलं, आणि मला बाहेर काढलं गेलं.

"हा हाय का गं, पुष्पे?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं व्हतं माझा हाय."

पुष्पाबाईने मला ओळखलं. बोट फिरवून तिने सगळे आकडे वाचले, तो सदतीसही वाचला. मग सासूच्या पायावर डोकं ठेवलं. "आत्या, तुम्ही ठिवला म्हणून राह्यला," ती म्हणाली. माझ्याबद्दल म्हणाल, तर इतका आनंद मला औरंगाबादलाही झाला नव्हता.

पण गोष्ट इथे संपली नाही. अभ्यासकेंद्रातल्या बाईंनी मला उलटून-पालटून पाहिलं. कुंकवाला त्या हसल्या, ते चालेल म्हणाल्या. मात्र अर्जावर पुष्पा रामराव आणि माझ्यावर झुंबर बद्रीनाथ. या दोन बायका एकच कशावरून? तहसीलमध्ये प्रतिज्ञापत्र करा, माहीतगार साक्षीदार आणा, नाही तर पहिल्या वर्षापासून सुरुवात करा, असं त्यांनी समजावून सांगितलं. त्यांचंही चुकत नव्हतं.

साक्षीला रामराव जाणार होते. सकाळी निघायच्या वेळी सासूबाई नवं लुगडं नेसून दारात उभ्या. कधी भोकरदनच्या कचेरीची पायरी न चढलेली बाई एसटीत जाऊन बसली.

नायब तहसीलदारांनी विचारलं की तुम्ही कोण. "झुंबरबाई," त्या म्हणाल्या. साहेब गोंधळले. झुंबर तर या बाईंचं जुनं नाव ना, असं त्यांनी विचारलं. तेव्हा सासूबाई टेबलाजवळ सरकल्या आणि बोलल्या :

"सायेब, झुंबर मी बी हाय अन् ही बी हाय. एका घरात दोन झुंबर नको म्हणून तांदळात हिचं नाव बदललं. बदलायला मीच लावलं व्हतं. चूक असंल तर माझी धरा, हिची दोन सालं कापू नका."

शेजारचा कारकून टाइप करायचा थांबला. साहेबांनी खुर्ची मागवली, सासूबाईंना बसवलं आणि स्वतः मजकूर सांगितला. खाली सासूबाईंचा अंगठा उमटला. त्या दिवशी गुण वाटायचं काम माझ्याकडे असतं, तर त्यांना विशेष प्रावीण्य मिळालं असतं.

बाहेर आल्यावर पुष्पाबाईने त्या प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स काढून सासूच्या हातात दिली. त्यावर साक्षीदार म्हणून झुंबरबाईंचं पूर्ण नाव होतं, गोल शिक्का होता. हा खरोखर तुमचा आहे, असं तिने सांगितलं. सासूबाईंनी तो कागद पदराखाली घेतला आणि केदारखेडा येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवला.

प्रवेश झाला. माझी दोन्ही वर्षं धरली गेली. अंगणवाडीतली मुलं घरी गेली की पुष्पाबाई तिथेच सतरंजीवर पुस्तक उघडायची आणि सासूबाई दारात बसायच्या. कोणी बाई गप्पा मारायला आली, तर त्या म्हणायच्या की आमच्या घरी शाळा चालू हाय, मंग या. रविवारी भोकरदनला वर्ग असायचे. तिथे पोरांच्या वयाचे विद्यार्थी तिला मावशी म्हणायचे आणि तिच्याच वह्या मागून न्यायचे.

निकाल निजामोद्दीनच्या दुकानात लागला. बैठक क्रमांक टाकला, पान हळूहळू उतरलं, आणि तो म्हणाला, "भाभी, पास. फर्स्ट क्लास." सोबत आलेल्या सासूबाईंना फर्स्ट क्लास कळलं नाही, तेव्हा त्याने सांगितलं की साठच्या वर. सासूबाईंनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. निकालाच्या आधीच घेऊन ठेवला होता. पहिला पेढा त्यांनी दुकानात बसलेल्या म्हाताऱ्या कमरोद्दीनला दिला, कारण मला तराजूतून त्याने उतरवलं होतं. मग ती भरती झाली आणि त्यात पुष्पाबाईची निवड झाली. आदेश आला त्या दिवशी केदारखेड्यात हलगी वाजली. रामरावांनी फेटा बांधून घेतला, जणू नेमणूक त्यांचीच झाली आहे. मला त्यांचा मुळीच राग आला नाही.

नेमणूक परतूर तालुक्यात मिळाली. पहिल्याच बैठकीला पुष्पाबाईने मला प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सोबत नेलं. पंचवीस-तीस सेविका सतरंजीवर बसल्या होत्या. रजिस्टरांचं बोलणं झाल्यावर तिने मला वर धरलं आणि माझी सगळी हकिकत सांगितली, सदतीससकट. मग विचारलं की तुमचे माहेरच्या नावाचे कागद कुठे आहेत. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. चतुराबाई नावाची सेविका हळूच म्हणाली की माझा लोणच्याच्या बरणीखाली हाय.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत सतरंजीवर मला जागा उरली नाही. कोणाची बारावीची, कोणाची पहिल्या वर्षाची, कोणाची एका विषयात राहिलेली. तेलकट, चुरगळलेल्या, कडा खाल्लेल्या अशा एकोणीस गुणपत्रिका आल्या होत्या. प्रत्येकीवर एक असं नाव होतं, ज्या नावाने त्या बाईला वर्षानुवर्षं कोणी हाक मारली नव्हती. पुष्पाबाईने एकेक कागद उचलला आणि एकेक नाव मोठ्याने वाचलं. आणि मित्रांनो, प्रत्येक नावाला कोणी ना कोणी "हजर" म्हणालं.

तेव्हा माझं एवढं ऐका. आज घरी गेलात की आईला विचारा, तुझा माहेरच्या नावाचा कागद कुठे आहे. ती म्हणेल, आता कशाला पाहिजे तो. तुम्ही हट्ट सोडू नका. पेटी उघडायला लावा, कागद सापडला की घडी सरळ करा, आणि त्यावरचं नाव तिच्यासमोर मोठ्याने वाचा.