सातुर्निनाची ओकणारी व्हॅन

सातुर्निना वायपाची निळी व्हॅन पेट्रोल प्यायची थोडं आणि ओकायची फार. पंपाची नळी तोंडात घातली की दोन-तीन लिटर गुपचूप आत जायचं, मग घशातून गुळगुळ आवाज यायचा आणि फसकन पिचकारी बाहेर. कधी भरणाऱ्याच्या बुटांवर, कधी जमिनीवर, एकदा तर सातुर्निनाच्या नव्याकोऱ्या घागऱ्यावर. अकरा महिने हेच चाललं होतं.

तिचं उत्तर ठरलेलं होतं. "पाचामामा पितेय. धरतीमाय आहे ती, पहिला घोट तिचाच." त्यांच्या एल आल्तो शहरात बिअरची बाटली फोडली तरी पहिला घोट जमिनीवर ओतल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही. तेव्हा हे उत्तर खोडून काढायची कोणाची छाती होणार? आणि तरीही काही दोष उरलाच, तर तो ती पंपावरच्या ग्रोव्हरच्या माथी मारायची. "हात जड आहे तुझा. बायकोला विचार."

त्या शनिवारी सकाळी नऊ वाजता मात्र ग्रोव्हरने नळी जागेवर अडकवली आणि हाताची घडी घातली.

"नाही भरणार, डोन्या सातुर्निना. ही व्हॅन परत ओकली तर मालक मला घरी बसवणार आहे."

"अरे बाळा, आज तरी भर! आज माझ्या गावच्या संत सांतियागोचा उत्सव आहे!"

व्हॅनमध्ये नऊ वाजंत्री मांडीवर कर्णे घेऊन दाटीवाटीने बसले होते. मोठा ढोल टपावर बांधलेला. गावच्या उत्सवाचं यजमानपद जन्मात एकदा मिळतं, आणि यंदा ते सातुर्निनाचं होतं. बारा वाजता संताची मूर्ती देवळाच्या दारातून बाहेर येणार, त्या क्षणी यजमानाचा बँड वाजलाच पाहिजे. गेल्या वर्षी ही पाळी तिच्या जावेची, एउसेबियाची होती. तिचा बँड साडेदहालाच दारात उभा होता, हे ती भेटेल त्याला सांगत होती. गावाची वाट दोन तासांची, टाकीत जेमतेम अर्ध्या वाटेचं पेट्रोल, आणि पुढे पंपच नाही. सातुर्निनाच्या तोंडचं पाणी पळालं.

मागचं दार उघडून सेल्सो उतरला. तीस वर्षं ट्यूबा, म्हणजे बँडमधला सगळ्यात मोठा कर्णा वाजवणारा, तिच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून तो तिचा कोंपाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे.

"ग्रोव्हर, शपथ घालतो, एकच लिटर घाल. हळूहळू. नळी जरा तिरकी धर." आणि त्याने गाडीच्या पत्र्याला कान लावला. गुळगुळ झालं, फसकन झालं, ग्रोव्हरने कपाळावर हात मारला. सेल्सो मात्र खूश.

"कोमाद्रे, वारा कोंडलाय! पेट्रोल आत जायचं तर आतली हवा बाहेर यायला नको? माझ्या ट्यूबात मोजा अडकला होता तेव्हा असाच आवाज यायचा."

"मोजा? ट्यूबात?" ग्रोव्हर म्हणाला.

"लांबलचक गोष्ट आहे. गाडी ढकला पंपापासून."

नऊ जणांनी ढकलली. सेल्सो खाली घुसला. टाकीच्या तोंडापासून एक जाड नळी खाली जात होती आणि तिच्याशेजारी एक बारकी, हवेची. त्याने बारकीच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा ढिल्या केल्या, ती काढून आणली, टोक सदऱ्याला पुसलं आणि फुंकली. काही नाही. मग गाल फुगवून, उत्सवाच्या शेवटच्या सुरासाठी राखून ठेवलेली फुंक त्याने घातली.

फट्! ओला गोळा ग्रोव्हरच्या छातीवर आपटला. गुलाबी, हिरव्या, पिवळ्या कागदांच्या टिकल्या.

सगळे सातुर्निनाकडे बघू लागले. गेल्या ऑगस्टमध्ये तळ्याकाठी पाद्रीबाबांनी आशीर्वाद म्हणून गाडीवर पाणी शिंपडलं होतं, मग फुलं, बिअर आणि रंगीत कागद. लोक चाकांवर टाकतात, इंजिनावर टाकतात. सातुर्निनाने टाकीचं झाकण उघडलं होतं. "पोटच उपाशी ठेवायचं का?" म्हणत दोन मुठी कागद आत आणि वर बिअरचा घोट. नंतर तीन दिवस गाडी ठसकत होती, तर ही लाडाने म्हणायची, चढलीय तिला.

सातुर्निनाने टोपी डोळ्यांवर ओढली. "ग्रोव्हर, तुझा हात फुलासारखा हलका आहे. बायकोला सांग, मी म्हणाले."

नळी परत बसवली. चाळीस लिटर गेलं, खट् झालं, थेंब सांडला नाही. वाजंत्र्यांनी तिथेच एक चाल फुंकली आणि ग्रोव्हर ओल्या बुटांनी नाचला. सातुर्निना कोरड्या जमिनीकडे बघत राहिली. मग तिने उत्सवाच्या खोक्यातली एक बाटली काढली, रस्त्याकडेच्या मातीत जाऊन अर्धी ओतली. तिला खरंच लाज वाटत होती.

"माफ कर गं माये. अकरा महिने तुला पेट्रोल पाजलं."

बाराला पाच कमी असताना निळी व्हॅन देवळासमोर धुरळा उडवत थांबली. दार सरकलं, ढोल उतरला, आणि संताचा पाय उंबऱ्यावर पडायला आणि सेल्सोचा पहिला सूर निघायला एकच गाठ पडली. सातुर्निनाला रडू फुटलं, हसूही फुटलं.

गर्दीतून एउसेबिया आली. हरल्यासारखी, पण हसत. यजमानाच्या गाडीवर उधळायला दोन्ही मुठी रंगीत कागदांनी भरलेल्या.

"थांब!" सातुर्निना ओरडली आणि टाकीच्या झाकणाला पाठ लावून, हात पसरून उभी राहिली. "माझ्या डोक्यावर टाक, जाऊबाई. हवं तेवढं टाक!"