गौरीच्या आधीची गोळी

गौरी चार दिवसांवर आल्या की घणसोली गावातल्या मढव्यांच्या घरात सुनेच्या हातावर गोळ्यांचं पाकीट पडायचं. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. मनस्वीनं सहा वर्षं त्या निमूट गिळल्या, गौरीला, हळदीला, सत्यनारायणाला. या घरात देव यायचे ते मेडिकलवाल्याच्या परवानगीनं.

यंदा तिनं हात मागे घेतला. “नाही घेणार, आई.”

सासू गोजरा हबकली. “कं झाला गो? गौरीन इटाल करतेस? चार दिस गोली घेतलीस तं मरशील का?”

मरणार नव्हती. पण गेले आठ महिने मनस्वीला गोळी घेऊन थांबवल्याशिवाय पाळीच आली नव्हती, आणि ती होती अवघी एकतीस वर्षांची. खारघरच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. मेंदूखाली वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी. ती अंडाशयाला सांगते, कामाला लाग. अंडाशय काम करून उलट निरोप धाडतं, झालं, आता पुरे. बाहेरून गोळी गेली की ग्रंथी तोच निरोप समजते आणि गप्प बसते. अंडाशयं थकलीत की नुसतं बोलणं तुटलंय, हे कळायला सगळ्या गोळ्या बंद. पाळी आपणहून आली तर तिसऱ्या दिवशी रक्त द्यायचं. मधे एक गोळी घेतली तरी सगळं मुसळ केरात. हे सगळं तिनं सासूला सांगितलं.

“सहा वर्षं माझ्याच शरीराला खोटं सांगत आले. आता बास!” तिनं पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं. नवरा मितेश मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. घरात आवाज चढला की त्याचं हे ठरलेलंच.

गौर आणायच्या दिवशी दुपारी आळीतल्या बायका जमल्या, सुपात तेरडा सजला, आणि मनस्वी मोरीतून बाहेर आली. अशी बातमी सासूच्या कानात सांगायची असते. हिनं भर ओटीवर सांगितली.

“आई, पाळी आली! आपोआप आली!” तिचे डोळे भरून आले होते, आणि त्यात लाज औषधालाही नव्हती.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. चुलतसासू सरस्वती म्हणाली, “आता घरची सवाशीण म्हनून गौर कोन आनेल? गोजराचा कपाल तं उघडा.”

गोजराचा नवरा वामन मढवी गेल्याला आठ वर्षं झाली होती. तेव्हापासून दर गौरीला गोजरा कोपऱ्यात उभी राहायची.

“आईच आणतील,” मनस्वी म्हणाली. “का नाही?”

गोजरानं सुनेकडे पाहिलं, मग सुपाकडे. पदर खोचला आणि सूप उचललं.

“आठ वरसा उबी हाय कोपऱ्यान. कोन आडवतंय मना, येऊ दे पुढं.”

कुणी आलं नाही. गौर उंबरा ओलांडून आत आली.

सूप पाटावर ठेवून गोजरा दारापाशी थांबलेल्या सुनेकडे परतली.

“परवा तुजा तिसरा दिस ना गो? रक्त द्याला उपाशी जायाचा, का खाऊन?”