धार नसलेली कट्यार

मित्रांनो, आधीच सांगतो की मला बोलण्याची सवय नाही. आयुष्यभर मी मुकाट्यानं लोकांच्या हातात राहिलो. हा लहानसा खंजीर कोण आणि त्याला काय सांगायचं असणार, असं तुम्हाला वाटेल. तुमचं वाटणं चुकीचं नाही. तरीही ऐका. मी नवरदेवाच्या हातातला जुना खंजीर आहे. आमच्या वऱ्हाड प्रांतात मला कट्यार म्हणतात. सध्या एका पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत, सील केलेल्या पाकिटात पडून आहे.

माझा जन्म अचलपूरच्या एका लोहाराच्या भात्यासमोर झाला. भगवंतराव नावाच्या शेतकऱ्यानं स्वतःच्या लग्नासाठी मला घडवून घेतलं. गावाचं नाव मी सांगत नाही. नाव सांगितलं की बाकीच्या गावांना हायसं वाटतं.

आमच्याकडे नवरदेव हळद लागल्यापासून हातात कट्यार धरतो. तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं असतं. पुढे गावात कोणाचंही लग्न असलं की मला भगवंतरावांच्या घरून नेत आणि लग्न उरकलं की नारळासोबत परत आणून देत. मोठ्या वावराच्या, म्हणजे शेतीच्या, मालकाचा मुलगा असो की रोजमजुरी करणाऱ्याचा, मी सगळ्यांच्या मुठीत तसाच बसलो. घाबरलेल्या नवरदेवांचे घामेजलेले तळहात मला अजून आठवतात.

भगवंतरावांनी एक नियम घालून दिला होता. मला कधी धार लावायची नाही. लिंबात शिरण्यापुरतं टोक होतं, तेवढं पुरे. ते म्हणत, "लग्नातली वस्तू आहे बापा. लेकराच्या हाताले लागली नाई पाहिजे." ते गेल्यावर त्यांच्या सुनेनं, पार्वताबाईंनी, तो नियम पाळला. त्या मला देवघराच्या कोनाड्यात ठेवत.

पार्वताबाईंचा मुलगा कुलदीप. बी.कॉम. झाला. पोलीस भरतीसाठी गावाबाहेरच्या मैदानावर रोज धावायचा. मग त्या मैदानाचे प्लॉट पडले आणि तो डांबरी रस्त्यावर धावू लागला. भरती कधी निघाली, कधी लांबली, आणि बघता बघता वयाची मर्यादा उलटून गेली. गावात वाचनालयाची एक खोली होती. तिला कुलूप लागलं, ते कोणी काढलं नाही. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकावर खालच्या ओळीत कुलदीपचा फोटो झळकला, तेव्हा पार्वताबाईंना बरं वाटलं होतं. तो पुढारी त्याला बोलावायचा खरा, पण कोणाला दम द्यायचा असला की मगच.

स्थळं येत होती. पाहुणे चहा घ्यायचे, घर पाहायचे आणि विचारायचे, "पोरगा कुठी आहे नोकरीवर?" पार्वताबाई म्हणायच्या, "घरचं वावर पाह्यते." मग पाहुण्यांचे कप लवकर रिकामे व्हायचे.

दरम्यान मला नेणं चालूच होतं. कुलदीपच्या वर्गातले एकेक मित्र लग्नाला उभे राहिले. प्रत्येक वेळी मला कोनाड्यातून काढून पुसून देण्याचं काम कुलदीपकडेच असे. आधी तो हसत द्यायचा. पुढे नुसता द्यायचा. हा फरक माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आला की नाही, मला ठाऊक नाही.

शेवटचं लग्न बंडूचं. बंडू म्हणजे कुलदीपचा लहानपणापासूनचा जोडीदार, शेजारच्या सुभद्राबाईंचा मुलगा. वाईट नव्हता तो. तोंडाचा मोकळा होता, एवढंच. मांडवात त्यानं माझ्या टोकाचं लिंबू काढलं आणि सगळ्यांदेखत कुलदीपच्या हातात ठेवलं.

"घे लेका, लोणचं टाकून ठेव याचं. तुया लग्नापावतर चांगलं मुरन."

मांडव हसला. कोणीतरी मोबाईलवर ते टिपलं. संध्याकाळपर्यंत ते गावभर सगळ्यांच्या स्टेटसला होतं. कुलदीपही हसल्यासारखा दिसत होता. पण मी घरी परत आल्यावर त्यानं मला कोनाड्यात ठेवलं, तेव्हा त्याची मूठ बर्फासारखी गार होती.

त्यानंतर गावात सायकलवर सहाण फिरवणारा धारवाला आला. बायका विळे-सुऱ्या घेऊन जमल्या होत्या, पानठेल्यावर पोरं उभी होती. कुलदीप मला घेऊन तिथं आला. भरदिवसा, चौकात.

"काहून रे कुलदीप," पानठेल्यावरून एकानं विचारलं, "जमलं का लग्न?"

"आता लिंबू नाई, कोहळं खोचते वाटते हा," दुसरा म्हणाला.

पुन्हा हशा झाला. कुलदीपनं मान वर न करता मला धारवाल्याच्या हातात दिलं. सहाणेवर माझ्या अंगातून ठिणग्या उडत होत्या. भगवंतरावांचा नियम त्या घोळक्यातल्या कितीतरी जणांना माहीत होता. मला धार लागते आहे हे सगळ्यांनी पाहिलं. धारवाल्याला वेगळं काही वाटायचं कारण नव्हतं, त्याच्यासाठी मी आणखी एक सुरी होतो.

पुढचं मी थोडक्यातच सांगतो. त्याच चौकात बंडूनं कुलदीपला लांबूनच हाक मारली, "मुरलं का रे लोणचं?" बंडू घरी परतला नाही. त्याच्या बायकोच्या हातावरची मेंदी तेव्हा उतरलीही नव्हती. ज्या मुठीतून मी इतकी वर्षं मित्रांच्या लग्नाला जात आलो, तीच मूठ होती ती. मित्रांनो, लोखंडाला रडता येत नाही. येत असतं तरी त्याचा उपयोग झाला नसता.

मुद्देमालाची खोली हवालदार शालिकराम सांभाळतात. एकदा त्यांच्या सोबत्यानं विचारलं, "त्या गावानं चौकात कॅमेरे बसवले म्हणे?"

"बसवले नं," शालिकराम म्हणाले. "आता मारणाऱ्याचं थोबाड चांगलं दिसन."

पुढचं त्यांच्याच बोलण्यातून कळलं: गावात शांतता समिती झाली. फलक लागला. त्यावरही खाली फोटोंची रांग होती. पार्वताबाईंकडे जाणं-येणं लोकांनी बंद केलं. जी माणसं मला नारळासह परत आणून द्यायची, ती त्यांच्या दारावरून मान वळवून जाऊ लागली.

खटला उभा राहिला तेव्हा मला कोर्टाच्या टेबलावर ठेवलं होतं. सुभद्राबाई साक्षीला आल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. कुलदीपच्या वकिलांनी विचारलं, "तुमच्या मुलानं आरोपीची सर्वांसमोर चेष्टा केली होती, हे खरं आहे ना?"

"केली होती," त्या म्हणाल्या. "खोटं काहून बोलू? पण चेष्टेपायी जीव घेतेत का, सायेब?"

वकील कागद चाळू लागले. सुभद्राबाई थांबल्या नाहीत.

"या कट्यारीले धार लावून राहिला होता, तवा मीबी होती तिथी, इळा घेऊन. सारे हासले. मीबी हासली. आता चौकात क्यामेरे लावले. तवा आमी एवढे जण उभे होतो, आमाले डोये नव्हते का?"

न्यायाधीशांनी त्यांना प्रश्नापुरतंच बोलायला सांगितलं. त्यांनी पदर सावरला आणि उतरल्या. दाराजवळच्या बाकावर पार्वताबाई एकट्या बसल्या होत्या. सुभद्राबाई त्यांच्यासमोरून गेल्या. थांबल्या नाहीत. मीही तशी अपेक्षा केली नव्हती.

कुलदीपला जन्मठेप झाली. त्यानंतर एकदा शालिकराम सांगत होते, "त्या मेलेल्या पोट्ट्याच्या मायनं वाचनालयाचं कुलूप तोडलं. रोज संध्याकाळी दारात बसते. चारक पोट्टे येतेत, कॅरम खेळतेत."

"चारच?" सोबती म्हणाला.

"त्या दिवशी चौकात असा एक जरी बसला असता त्या कुलदीपपाशी," शालिकराम म्हणाले, "तं पुरला असता."

अपिलाची मुदत संपली की मला नष्ट करण्याचा हुकूम आहे. गावात आता भाड्याची प्लॅस्टिकची कट्यार आणतात म्हणे. तिला धार लागणार नाही म्हणून लोक निश्चिंत आहेत. मला मात्र त्यांची ती निश्चिंती ऐकून भीती वाटते.

मित्रांनो, मला वितळवा, माझी तक्रार नाही. फक्त एवढं करा. तुमच्या मांडवात, तुमच्या चौकात, हसण्याच्या घोळक्यात एखादा न बोलणारा दिसला, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला "काहून रे?" असं विचारा. आणि त्याचं उत्तर येईपर्यंत हसू नका.