जवसाची ओळ

अकरावीच्या पोरांना इंग्रजीचा कंटाळा येतो, आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं शिकवून मलाही आलाय. तरी शुक्रवारी भोकरदनच्या कॉलेजात ‘लाईन’ हा शब्द घेतला. म्हटलं, हा तरी पोरांच्या तोंडातला आहे. बँकेतली लाईन, रेल्वेची लाईन, वावरात लाईन आली की मोटार चालू, ‘पोरगं कोणत्या लाईनीत आहे?’ लाईन मारण्यावर मागच्या बाकांवर खसखस पिकली. मग मूळ सांगितलं. लॅटिनमध्ये जवसाला लिनम म्हणत. त्याच्या देठातून धागा निघे, तो ताणून धरला की सरळ रेघ, आणि त्यातून लाईन. एकानंही वही उघडली नाही.

शनिवारी एसटीनं टेंभुर्णीला मायकडे गेले. माझे भाऊ वेगळे निघाले तेव्हा मायनं वावरात हद्दीचे दगड रोवू दिले नव्हते. मधे भावांनी जवसाची एक ओळ पेरायची आणि ती ओळ मायची, असं ठरलं होतं. निळी फुलं आली की वाटणीसुद्धा डोळ्यांना बरी वाटायची. त्या जवसाची चटणी घेऊन माय दोन्ही सुनांच्या चुलीपाशी ताठ मानेनं जायची. तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

यंदा ओळच नव्हती. हरभऱ्याला हरभरा भिडलेला.

“मला वाटलं कल्याण पेरून राह्यला,” देवानंददादा म्हणाला.

“मला वाटलं दादानं पेरलं,” कल्याण म्हणाला.

असा संताप आला! ट्रॅक्टर आधी कुणाच्या रानात, यावर हे घोडे तास तास भांडतात.

माय उंबऱ्यात बियाण्याचा डबा मांडीवर घेऊन बसली होती.

“मी पेरते ना, माय. आण इकडं.”

“राहू दे, मीना. जवसाचं काय न्हाई गं. मी ध्यानातच न्हाई आले त्यांच्या.”

मला रडू आलं. तिची समजूत कशी काढायची ते सुचेना, म्हणून वर्गातलं तेच लाईनचं तिला सांगत बसले. बियांतून बोटं फिरवत तिनं सगळं ऐकलं.

“म्हंजे त्या इंग्रजांच्या लाईनीत अजून जवस हाय?”

“आहे की.”

“किती सालापासून?”

“दोन हजार वर्षं तरी झाली असतील.”

तिनं डब्याचं झाकण लावलं.

“परक्यांनी एवढं जपलं, बाई. माझ्या लेकरांना एक साल न्हाई जपता आलं.”