कोरड्या लुगड्यात ओतलेली गोळी

आमच्या गावदेवीच्या जत्रेत पालखी उठायच्या आधी बांबूला टांगलेला नारळ ठासणीच्या बंदुकीने फोडतात. मागे मातीचा उंच बांध, बार एकच. हा मान आमच्या घराचा. पण माझे सासरे दयाराम, म्हणजे आमचे बाबा, यांचा नेम लागोपाठ दोन वर्षं चुकला, आणि तिसऱ्यांदा चुकला तर मान भावकीतल्या हरेशकडे जाईल, असं पंचांनी ठरवलं. शेजारच्या कोन गावाच्या रस्त्याने जाताना हरेश मुद्दाम दारात गाडी थांबवायचा. "काका, यंदा नारल मी आणू का? फोडायला नाय, प्रसादाला."

बाबांना वाटे, आपले डोळे गेले. मला तसं वाटत नव्हतं. सुईत दोरा ते अजून स्वतः ओवतात.

गोळ्या आम्ही घरीच ओततो. मोरा बंदरातल्या कोळ्यांकडून जुन्या जाळ्यांचं शिसं आणायचं आणि देवीचं काम म्हणून न्हाऊन, ओलेत्यानेच ओतायचं. यंदा अंगणातल्या शेगडीला वारा घालायला मी बसले होते. बाबा साच्यावर वाकले आणि त्यांच्या केसांतला एक थेंब पळीत पडला. तापलेलं शिसं तडतडून उसळलं, बाबांच्या मनगटावर दोन वर्षांपूर्वीच्या तशाच डागाशेजारी टरकन फोड आला. बाबांनी पळी सोडली नाही. पण पुढे प्रत्येक गोळीला त्यांचा हात आखडायचा. निम्मं ओतायचं, थांबायचं, मग उरलेलं.

गोळ्या दिसायला गोल, चकचकीत. माझे यजमान जीवन सोनाराकडे कामाला आहेत, त्यांच्या छोट्या काट्यावर मी त्या एकेक ठेवल्या. कुठल्याच दोन गोळ्यांचं वजन जुळेना. एक छिन्नीने फोडली, तर आत मुगाएवढी पोकळी. अशी गोळी सरळ कशी जाणार?

बाबांना दाखवली. ते म्हणाले, "माझा बाप पन ओलेत्यानंच ओतायचा. त्याचा नेम कदी चुकला नाय."

मी हळूच विचारलं, "बाबा, आजोबांना केस होते?"

बाबांनी स्वतःच्या केसांवरून हात फिरवला. मग इतके हसले की ठसका लागला. आजोबांचं डोकं तुळतुळीत होतं.

सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय मी पाण्याचा घोट घेत नाही. देवाधर्मातलं काही मोडा, असं मी कुणाला सांगणार नाही. पण देवीला शुद्धपण हवं, ओलेपण कशाला? एवढंच म्हटलं. बाबांनी पळी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी न्हाऊन, केस वाळवून, धुतलेलं कोरडं लुगडं नेसून मी बसले. साचा गार होता तोवरच्या गोळ्यांना सुरकुत्या पडल्या, त्या परत वितळवल्या. साचा तापल्यावर न थांबता, एका धारेत ओतलं. काट्यावर आठ गोळ्या गुंजभरही इकडेतिकडे झाल्या नाहीत.

जत्रेला बाबांनी दारू ठासली, फडक्यात गुंडाळून गोळी बसवली, श्वास रोखला. बार झाला आणि बांबूवर नुसती शेंडी लोंबत राहिली. नारळाचं पाणी पालखीच्या भोयांच्या पागोट्यांवर उडालं. ढोल सुरू झाले.

हरेश जवळ आला. "काका, चष्मा बदललात वाटतं."

"चष्मा तोच," बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "गोली माझ्या सुनंची हाय."

फुटलेल्या नारळाचा पहिला तुकडा आजवर घरातल्या पुरुषाला मिळायचा. बाबांनी तो पंचांसमोर माझ्या हातावर ठेवला. माझा उपवास होता, पण खोबरं चालतं. मी तिथेच, उभ्या उभ्या खाल्लं.