तीन हेडफोन आणि एक जाऊ

ठकुबाईंनी भोरहून तीन हेडफोन आणले, आणि पासली गावातल्या एखाद्या बाईला ही गोष्ट कळली नसेल तर त्यात ठकुबाईंचा दोष नव्हता. एसटीतून उतरून त्या घरी गेल्याच नाहीत. आधी नळावर गेल्या, पिशवी उघडली आणि तिन्ही हेडफोन धुण्याच्या दगडावर ओळीनं मांडले. नीट दिसावेत म्हणून दोघीतिघींना बादल्याही बाजूला घ्यायला लावल्या.

ठकुबाईंच्या भावाचा मुलगा संजय याची भोरच्या एसटी स्टँडमागं रेकॉर्डिंगची खोली होती. लग्नाची गाणी, जयंतीची गाणी, निवडणुकीची गाणी, असं सगळं तो करायचा. यंदा त्यानं मनावर घेतलं होतं की भाताच्या आवणीची, म्हणजे रोपं लावतानाची गाणी रेकॉर्ड करायची आणि पुढची बाई म्हणून आपल्या आत्यालाच उभं करायचं. पण आत्यानं जन्मात कानाला काही लावलेलं नव्हतं. म्हणून त्यानं तीन प्रकार दिले, मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं आणि सांगितलं, "आत्या, घरी गाऊन बघा. ठेका कानात वाजंल, तुमचा आवाज मोबाईलमधी बसंल, मागनं दोनी संगट ऐकू येतील. ज्यात जमंल त्यो आपला."

आता आवणीच्या गाण्याची रीत अशी, की चिखलात वाकलेल्या बायांतली एक ओळ टाकते आणि समोरची ती झेलते, म्हणजे तिथल्या तिथं जोडून परत फेकते. गाण्यात काहीही बोलायची मुभा असते. सासूचा चिक्कूपणा काढा, नवऱ्याचं घोरणं काढा, शेजारणीचं उसनं पीठ काढा, खाचरात म्हटलेलं कुणी घरी न्यायचं नाही. ठकुबाईंची ओळ झेलायला इतकी वर्षं एकच बाई होती, त्यांची धाकटी जाऊ कमळाबाई. दोघींच्या घरांमध्ये एक भिंत. आणि शिमग्यापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

कारण कमळाबाईंनी याच नळावर, याच दगडापाशी उभं राहून सांगितलं होतं, "आक्काचा आवाज फाटलाय आता."

त्याच्या आदल्याच दिवशी, शिमग्याला आलेला संजय म्हणाला होता, झेलायला भोरच्या कॉलेजातल्या दोन पोरी घेऊ. ठकुबाई व्हय म्हणाल्या होत्या. आतून मात्र त्यांना वेगळंच कुरतडत होतं. आवाज खरंच फाटला असला तर? जाऊ खोटं बोलली असती तर ठकुबाईंनी तिला केव्हाच उभी-आडवी झोडली असती. गप्प बसल्या, कारण त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती.

दुपारी जेवणं झाल्यावर ठकुबाईंनी नवऱ्याला, गेनूभाऊंना, मोबाईल धरून समोर बसवलं आणि पहिला हेडफोन चढवला. काळा, जाडजूड, दोन्ही कान गच्च दाबून धरणारा. बाहेरचं काही ऐकू येईना. ठेका सुरू झाला आणि ठकुबाईंनी असा काही गळा लावला की गेनूभाऊंच्या मांडीवरचं मांजर उठून गेलं.

"अवं, ऐकू येतंय का?" त्यांनी मध्येच विचारलं.

"मढे घाटापत्तुर येतंय," गेनूभाऊ म्हणाले, पण ते त्यांना ऐकू आलं नाही.

गाताना ठकुबाई सवयीनं दर दोन ओळींनंतर थांबत होत्या, झेलणारीला जागा म्हणून. झेलायला कुणी नव्हतं, तरी थांबत होत्या. गेनूभाऊ त्या थांबण्याच्या वेळी भिंतीकडं बघून मिशीत हसत होते. ठकुबाईंना वाटलं, म्हातारा आपल्याला हसतोय.

दुसरा हेडफोन जाळीचा. कानावर आहे की नाही तेच कळेना. गाताना आपला आवाज मोकळा ऐकू येई, पण आतला ठेकाही बाहेर गळून मोबाईलमध्ये शिरे. शिवाय भिंतीपलीकडं भांडी जरा जास्तच जोरात घासली जातायत, हेही कळे. तिसरा बिनवायरचा, गुबगुबीत, लाल. त्यात ढोलकी अशी घुमायची की कुणीही गावं आणि गोडच लागावं.

ठकुबाईंनी तिघांची तिथल्या तिथं बारशी उरकली. दाबून धरते आणि एकूण एक चूक दाखवते ती काळी म्हणजे सासू. घरातलं सगळं बाहेर नेते ती जाळीची म्हणजे शेजारीण. आणि काहीही केलं तरी 'गुणाची गं माझी' म्हणते ती लाल म्हणजे मावशी.

सासू लावून गायलेलं पहिलं गाणं त्यांनी मावशीतून ऐकलं. ढोलकी घुमत होती आणि तिच्यावर त्यांचा आवाज तुपासारखा पसरला होता. फाटलेलं काहीएक नव्हतं. ठकुबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तो लगेच वाईट कामाला लावला.

"अवं, ही मावशी घिऊन भिताडापल्याड जावा. तिच्या कानाला लावा आन् म्हणावं, ऐक. निस्तं ऐक म्हणावं, दुसरं काय बोलू नगा."

गेनूभाऊ गेले आणि थोड्या वेळानं परत आले.

"काय म्हणाली?"

"लई ग्वाड हाय म्हणाली. आन् म्हणाली, आता आक्काला म्हणावं, सासूतनंबी ऐक."

सासू, शेजारीण, मावशी ही नावं भिंतीपलीकडं कशी पोचली, हे विचारायची गरज नव्हती. त्या भिंतीतून आजवर काय पोचलं नव्हतं?

ठकुबाईंनी दातओठ खाऊन सासू कानावर चढवली. तेच गाणं. ढोलकी आता आपल्या जागी मुकाट बसली होती आणि आवाज उघडा पडला होता. वरच्या सुरात तो फाटत होता. एकदा नाही, दर वेळी. ठकुबाईंनी सासूला हात घातला. त्या काढून टाकणार होत्या, एवढ्यात त्यांनी ओळ संपवून सोडलेली ती मोकळी जागा आली.

पासलीच्या गं शिवाराला, आवणीची घाई,
माझ्या गं दारावरनं, कोण बोलत न्हाई.

आणि त्या जागेत, लांबून, भिंतीच्या पलीकडून, बारीक पण स्वच्छ आवाज आला.

बोलू मी कशी बाई, चालली एकली भोराला,
जोडीचा बैल घरी, ठिवला बांधून दोराला.

ठकुबाईंनी ते पुन्हा लावलं. मग पुन्हा. एकूण एक जागेत कमळा होती. सासूनं कान गच्च दाबले होते म्हणून गाताना कळलं नाही, आणि मावशीच्या ढोलकीखाली ते बुडून गेलं होतं.

"तुमी ऐकलं व्हतं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"मला मोबाईल धराया सांगितला व्हता," गेनूभाऊ म्हणाले. "म्या धरला."

म्हणजे आवाजाचं दुखणं नव्हतंच. आपल्याला टाकून आक्का भोरला जाणार, कुठल्याशा पोरी आपली ओळ झेलणार, हे दुखणं होतं. ठकुबाईंना भयंकर राग आला आणि त्याहून जास्त बरं वाटलं. पण आधी बोलायचं कुणी? थोरलीनं बोलणं शक्य नव्हतं. धाकटीनं तर गाण्यात बोलून टाकलं होतं, आणि गाण्यातलं घरी न्यायचं नसतं. मग ठकुबाई हेडफोन न लावता भिंतीपाशी गेल्या आणि फाटक्या आवाजात गायल्या.

भोराला जाया गाडी, हितनं सुटती सकाळी,
बैलानं नेसून यावं, चंद्रकळा ती काळी.

पलीकडं एक पातेलं पडलं.

सकाळी गाडीपाशी कमळाबाई काळी चंद्रकळा नेसून उभ्या होत्या. दोघी एका बाकावर बसल्या आणि वेल्ह्याला गाडी बदलली, मार्गासनी मागं पडली, तरी एक शब्द बोलल्या नाहीत.

भोरला संजयनं दोघींना दोन काळे हेडफोन दिले. दोघींनी ते लावले आणि एकाच वेळी एकेक कान मोकळा केला, ठकुबाईंनी डावा, कमळाबाईंनी उजवा, समोरासमोरचे.

"आत्या, दोनी कान झाका. ठेका गळंल."

"सासूला एकाच कानानं ऐकायचं असतं," ठकुबाई म्हणाल्या. "आमी दोगींनी जन्मभर त्येच केलंय."

"आन् आमची सासू एकच व्हती," कमळाबाई म्हणाल्या. शिमग्यानंतरचं हे त्यांचं गाण्याबाहेरचं पहिलं वाक्य.

गाणी झाली. चिखल नव्हता, पाऊस नव्हता, पण संजयच्या भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत गेनूभाऊंचं घोरणं आणि दोघींच्या सासूबाईंचा कुलपातला गूळ सगळा निघाला. संजयनं कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवलं. "आत्या, हितं वरती आवाज जरा फाटतोय. मशीननं शिवून टाकतो."

"हात लावू नगंस," कमळाबाई म्हणाल्या. "तितनंच तर मी आत शिरते."

ठकुबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि खोलीत धूळ आहे म्हणाल्या.

संजयनं मावशी आत्यालाच देऊन टाकली. परतीच्या गाडीत वेल्ह्याचा बाजार करून निघालेल्या पासलीच्या बाया होत्या, नळावरच्या जवळजवळ सगळ्या. ठकुबाईंनी एकदा गाडीभर नजर फिरवली. मग अगदी मायेनं मावशी कमळाबाईंच्या कानावर चढवली, गाणं लावलं आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला.

कमळाबाईंनी डोळे मिटले. जरा वेळानं आपण हळू बोलतोय अशा समजुतीत त्या गाडीभर ओरडल्या, "आक्का, तुजा आवाज लई ग्वाड हाय गं! मीच म्येली जळत व्हते!"

बाया वळून बघू लागल्या. कंडक्टरही वळला. ठकुबाईंनी जावेच्या तोंडाजवळ कान नेला आणि हाताच्या खुणेनं विचारलं, काय म्हणालीस?

कमळाबाईंनी पुन्हा सांगितलं. या वेळी आणखी जोरात.